शेडवरचं "हां": सांगितलेलं पोचलं का, हे कसं ओळखायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये सुपरवायझर आहेत, वय २६, शिक्षण डिप्लोमा. सूचना स्पष्ट देतात, समोरची माणसं "हां साहेब" म्हणतात आणि काम भलतंच होतं. परवाच एका बेअरिंग हाउसिंगचा बोअर (आतलं भोक) तोंडी ६२ मिलिमीटर सांगितला होता, सेटरने, म्हणजे मशीनवर माप लावणाऱ्याने, ६५ केला, १८ कास्टिंग (ओतीव नग) भंगारात गेली. "अजून किती स्पष्ट बोलायचं?"

बोलण्यात तुमचा फार दोष दिसत नाही. तुम्ही "हां" ऐकलं आणि वळलात, तिथे घोटाळा झाला. शेडवर "हां" म्हणजे आवाज कानावर पडला, इतकंच. आकडा पोचला का, कुठल्या जॉबसाठी, म्हणजे मशीनवरच्या नगासाठी, ते पोचलं का, करायला जमणार आहे का, यातलं काहीही त्यात येत नाही.

आधी ते ६२ आणि ६५ बघू. "बासष्ट" आणि "पासष्ट" एकदा मोठ्याने म्हणा. अख्ख्या शब्दात फरक एका अक्षराचा, ब आणि प. दोन्ही ओठ मिटूनच निघतात. ब म्हणताना गळा घुमतो, प म्हणताना घुमत नाही, एवढाच भेद, आणि मशीनच्या घरघरीत नेमकी तीच घुम बुडते. ओठांकडे बघूनही कळत नाही, कारण ओठ दोन्हींना सारखेच हलतात. मग आपण ओरडतो. ओरडल्यावर "आ" मोठा होतो, ब-प आहेत तिथेच राहतात. म्हणजे जे आधीच ऐकू येत होतं तेच जास्त ऐकू येतं. कानात प्लग असले की आणखी कठीण. हाताच्या अंतरावर उभ्या माणसाशी आवाज चढवून बोलावं लागत असेल, तर तिथला आवाज ८५ डेसिबलच्या आसपास किंवा वर आहे असं धरून चाला. साधं समोरासमोरचं बोलणं ६० च्या घरात असतं. अशा जागी तोंडी आकडा देणंच चूक. माणसाला चार पावलं बाजूला, टूल रूमच्या दारात किंवा क्वालिटीच्या केबिनपाशी न्या आणि तिथे बोला.

अशा जोड्या आणखी आहेत. त्रेपन्न आणि छप्पन्न. एकोणसाठ आणि एकोणसत्तर, ज्यात सुरुवात ऐकूनच माणूस शेवट स्वतः जोडून टाकतो. त्यात आता निम्मी माणसं बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाकडची. हिंदीत उनसठ ५९ आणि उनहत्तर ६९. मराठी "एकोणसाठ" ऐकून मनातल्या मनात उलथापालथ करताना चूक होणारच. उपाय फुकटचा आहे: माप नेहमी दोनदा सांगायचं, एकदा जोडून आणि एकदा सुटं. "बासष्ट, सहा-दोन." टॉलरन्स (मापात चालणारी सूट) असेल तर तोही सुटा. ६२ एच७ म्हणजे ६२.००० ते ६२.०३०, तर "सहा-दोन पॉइंट शून्य-शून्य-शून्य पासून सहा-दोन पॉइंट शून्य-तीन-शून्य". ऐकायला कंटाळवाणं वाटतं. पण बोअर एकदा मोठा झाला की धातू परत चिकटवता येत नाही. बुश (भोकात बसवायची नळी) मारायची म्हटलं तरी ग्राहकाची परवानगी लागते आणि बहुतेक वेळा ती मिळत नाही.

बेअरिंगचा नंबर माहीत असेल तर तोही जोडून द्या. "६२०६ चं हाउसिंग आहे" म्हटल्यावर जाणता सेटर स्वतःच ओळखतो की बाहेरचा व्यास ६२ असतो, आणि ६५ ऐकू आलं तर तो थांबतो. आकड्याबरोबर कारण दिलं की ऐकणाऱ्याकडे चूक पकडायचं साधन येतं. नुसता आकडा दिला की तो फक्त ओझं वाहतो.

मापाच्या बोलीत आणखी दोन खड्डे आहेत. पहिला खड्डा "पॉइंट". "दोन पॉइंट काढ" म्हटल्यावर कुणी ०.२ काढतो, कुणी ०.०२. उद्यमनगरात, कोल्हापुरातल्या जुन्या कारखान्यांच्या वसाहतीत, उमेदीची वर्षं गेलेल्या जुन्या फिटरला सूत सोयीचं, म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिलिमीटर; नव्या पोराने ते "तीन एमएम" असं घेतलं की पावणेदोन दशांश मिलिमीटर कुठेतरी हरवले. दुसरा खड्डा याहून खोल, बाजू आणि व्यासाचा. "अर्धा मिलिमीटर अजून घे." बाजूला अर्धा की व्यासात अर्धा? सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) लेथवर एक्स ऑफसेट, म्हणजे हत्यार आत-बाहेर सरकवायचा आकडा, बहुधा व्यासावर चालतो, जुन्या लेथच्या डायलवर मशीनप्रमाणे वेगळं. बाजूला ०.५ म्हणजे व्यासात १. दोघांचंही बोलणं स्पष्ट, दोघांचाही कान शाबूत, तरी जॉब गेला. म्हणून "काढ", "घे", "सोड" या क्रियापदांआधी "व्यासात" किंवा "बाजूला" हा शब्द आलाच पाहिजे, नाहीतर ऐकणाऱ्याने हात लावायचा नाही, असा नियमच करून टाका.

वेळेचंही तसंच. मराठीतला "परवा" मागेही जातो आणि पुढेही, हिंदीतला "कल" त्याहून बेभरवशाचा. "संध्याकाळपर्यंत माल निघाला पाहिजे" यातली संध्याकाळ डिस्पॅचवाल्याची साडेपाचची, मशीनवाल्याची पाळी सुटायची आणि ट्रान्सपोर्टवाल्याची नऊची. वार, तारीख आणि घड्याळाची वेळ, तिन्ही म्हणा. चाकणचा ग्राहक रविवारी बंद आणि तुमच्या शेडची सुट्टी दुसऱ्या वारी असेल, तर "एक दिवसाने" हा शब्द फोनवर वापरूच नका.

आता "हां" कडे परत. विमान वाहतुकीत या एका शब्दाची किंमत फार मोठी मोजली गेली आहे. २७ मार्च १९७७ ला कॅनरी बेटांवर टेनेरिफच्या धावपट्टीवर धुक्यात दोन जंबो विमानं धडकली, ५८३ माणसं गेली. केएलएम या डच कंपनीच्या विमानातून "आम्ही आता टेकऑफला आहोत" अशा अर्थाचं वाक्य आलं. टॉवरने "ओके" म्हटलं, आणि पुढे "टेकऑफसाठी थांबा, मी सांगेन" असंही म्हटलं. पण त्याच क्षणी दुसऱ्या विमानातूनही कुणीतरी बोलत होतं, त्यामुळे पुढचं वाक्य शिट्टीसारख्या आवाजात बुडालं. कॉकपिटमध्ये धड पोचला तो "ओके". त्यानंतर दोन गोष्टी पक्क्या झाल्या: टेकऑफ हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा, आणि परवानगी मिळाली की वैमानिकाने नुसतं "ओके" न म्हणता ती जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची.

शेडवर हेच करायचं आहे, पण आपल्याकडे ते करवून घेण्यात एक सामाजिक अडचण आहे. "समजलं का?" विचारलं की उत्तर "हां" च येणार. "काय समजलं ते सांग बघू" म्हटलं की पन्नाशीच्या माणसाला चौथीच्या वर्गात उभं केल्यासारखं होतं. तो तोंडाने सांगेल, पण पुढच्या वेळी तुमच्या वाऱ्यालाही उभा राहणार नाही. म्हणून परीक्षा स्वतःची घ्या. "मामा, माझं सांगायचं काहीतरी राहतंय बघा. तुम्ही आता पहिल्यांदा काय करणार?" यात तीन गोष्टी साधतात. चूक सांगणाऱ्याची असू शकते हे तुम्ही मान्य केलंत, उत्तर "हां" मध्ये देता येत नाही, आणि कामाचा क्रम बाहेर येतो. त्यांनी "आधी बोरिंग बार बदलतो, मग पासष्टला..." म्हटलं की तिथेच सापडलं. १८ कास्टिंगऐवजी १८ सेकंद गेले.

आणि हो, "मामा" आणि "तुम्ही". तुमचं वय २६ आहे म्हणून सांगतो. सुपरवायझर झाल्यावर वीस वर्षं मशीनवर काढलेल्या माणसाला अरे-तुरे करणारी पोरं बरीच आहेत. काम होतं, बातमी मात्र बंद होते. मशीनचा आवाज बदललाय हे त्या माणसाला तुमच्या आधी दोन दिवस कळलेलं असतं, तो फक्त सांगत नाही.

परत म्हणवून घेणं सगळ्याला लावू नका. झाडू मारायला सांगितलं आणि परत म्हणून दाखव म्हटलं, तर आठवडाभरात टपरीवर तुमची नक्कल सुरू होईल. तीन ठिकाणी पुरे: आकडा असेल तेव्हा, नेहमीपेक्षा काही बदललं असेल तेव्हा, आणि चुकलं तर माणसाला इजा होणार असेल तेव्हा. यातली मधली जागा सगळ्यात फसवी. हात सवयीने चालतात; नवी सूचना डोक्यात पोचली तरी तिसऱ्या जॉबला हात जुन्या मापावर जातो. बदल सांगताना जुना आकडा मेला हे डोळ्यांना दिसलं पाहिजे. मशीनवरचा जुना कागद फाडा, बोर्डावरचं जुनं माप पुसा आणि मगच नवं लिहा. गोंगाटात "आधी अमुक होतं, आता तमुक" असं दोन्ही आकडे म्हणू नका, ऐकणारा कुठला उचलेल याचा नेम नाही. आणि पहिला जॉब मोजून झाल्याशिवाय दुसरा लावायचा नाही.

कोल्हापुरात एक वेगळं व्याकरणही शिकावं लागतं. "व्हय, करतो" हा होकार. "हुतंय की" ही आशा. "बघतो की" हा बहुतेक वेळा नकार असतो, तोंडावर नाही म्हणणं वाईट दिसतं म्हणून गुळगुळीत केलेला. "बरं" म्हणजे वाद घालायचा कंटाळा आला. तुम्ही "आज ८० नग निघतील ना?" विचारता, तो "बघूया की" म्हणतो आणि तुम्ही ग्राहकाला ८० सांगून मोकळे होता. त्याला माहीत असतं की इन्सर्ट (धातू कापायची पाती) दोनच शिल्लक आहेत. प्रश्नच असा विचारा की नकाराला जागा राहील: "८० मध्ये अडचण कशाची येईल?" आणि मग गप्प बसा. खरोखर गप्प. मनात पाच आकडे मोजा. आपल्याला शांतता सोसत नाही, दुसऱ्याच सेकंदाला आपण स्वतःच "येणार नाही ना काही?" असं म्हणून टाकतो आणि समोरचा सुटतो.

ऐकण्याचा खरा कस लागतो तो माणूस स्वतःहून काही सांगायला येतो तेव्हा. समजा ऑपरेटर म्हणाला, "साहेब, मशीन आज जड चाललंय." इथे दोन चुका हमखास होतात. मोबाइलवरची नजर न काढता "मेंटेनन्सला सांग" म्हणणं ही पहिली. दुसरी चूक हुशार माणसांची, लगेच निदान: "फीड कमी कर." "जड" हा त्याचा शब्द आहे, त्यामागे काय आहे ते अजून तुम्हाला माहीत नाही. मोबाइल खिशात घाला आणि त्याच्याबरोबर मशीनपर्यंत जा. मग विचारा: कधीपासून? सगळ्या जॉबवर की एकाच बॅचवर? आवाज कापताना येतो की रिकामं फिरतानाही? कालपासून काय बदललं, इन्सर्ट, कुलंट (थंड ठेवणारं पाणी), जॉब धरणारा जॉ, की कास्टिंगचा लॉट?

या उत्तरांनी वाटा फुटतात. रिकामं फिरतानाही आवाज असेल तर स्पिंडल बेअरिंग किंवा बेल्टकडे बघायचं. फक्त कापताना असेल तर इन्सर्ट, टूल किती बाहेर काढलंय ते, आणि जॉब किती घट्ट धरलाय ते. एकाच लॉटवर, तेही जॉबच्या ठरावीक कोपऱ्यात येत असेल, तर मशीन बिचारं निर्दोष. कास्टिंग तिथे पातळ भिंतीमुळे लवकर थंड होऊन कडक झालंय, फाउंड्रीला (ओतशाळेला) फोन करायचा. चार प्रश्नांत मेकॅनिकचा अर्धा दिवस वाचतो. शेवटी त्याचं म्हणणं तुमच्या शब्दांत त्यालाच ऐकवा: "म्हणजे सकाळी नवा लॉट लावल्यापासून, फ्लँजच्या बाजूलाच, बरोबर?" तो "नाही, लॉट काल रात्रीच लागला" म्हणाला तर तेही सोनंच.

वाईट बातमी घेऊन कुणी आला तर तुमचं पहिलं वाक्य फार जपून. "कुणी केलं?" हे पहिलं वाक्य असेल, तर पुढच्या वेळी चुकलेले जॉब बिनमध्ये चांगल्यांच्या खाली सापडतील. पहिलं वाक्य "किती झाले?", दुसरं "शेवटचा बरोबर मोजलेला कितवा?" दर दहाव्या जॉबला मोजत असाल आणि ४० वा बरोबर, ५० वा चुकीचा असेल, तर ४१ ते ५० बाजूला काढून लाल टॅग लावायचे आणि एकेक मोजायचे. कुणी केलं हा विषय दुपारी, बंद दाराआड.

पाळी बदलण्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण बोलण्यातून सगळ्यात जास्त सांडतं ते तिथेच. याचंही मोठं उदाहरण आहे. ६ जुलै १९८८ ला उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल-वायू प्लॅटफॉर्मवर स्फोट होऊन १६७ माणसं मेली. दिवसपाळीत एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढून त्या जागी झाकण बसवलं होतं, काम संध्याकाळी अर्धवट राहिलं. रात्री दुसरा पंप बंद पडला तेव्हा रात्रपाळीने हाच पंप सुरू केला. व्हॉल्व्ह जागेवर नाही हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. अर्धवट काम कागदावर कुठेतरी होतं, माणसाच्या कानात नव्हतं.

आपल्याकडे पाळी कुठे बदलते? गेटवर, गाडीला किक मारता मारता. "सगळं ओके हाय, दोन नंबरला बघ जरा." पाळ्या एकमेकांवर १० मिनिटं चढवा आणि बोलणं मशीनसमोरच होऊ द्या. जाणाऱ्याने चालू काय ते एका वाक्यात सांगावं. बंद काय आणि का, अर्धवट काय, नेहमीपेक्षा वेगळं काय, यावर मिनिटं घालवावीत. येणाऱ्याने ते परत म्हणावं, वहीत लिहावं, दोघांनी सही करावी. सही आधी आणि बोलणं नंतर, असं झालं की वही नुसती सजावट.

फाउंड्री असेल तर आणखी नेमकं हवं. लायनिंगवर (भट्टीच्या आतल्या अस्तरावर) किती हीट, म्हणजे वितळवण्याच्या फेऱ्या, झाल्या, अर्थ लीकेजचं (जमिनीकडे गळणाऱ्या विजेचं) रीडिंग किती होतं आणि पाळीत ते किती सरकलं, भट्टीत किती धातू शिल्लक आहे. वाळूबद्दल "ओल जरा जास्त वाटते" असं सांगू नका, "३.५ टक्क्यांवर ठेवतो, शेवटचं रीडिंग ४.१, वेळ दुपारी २:४०" असं सांगा. ओल वाढली तर वाफ कोंडून कास्टिंगला पोकळ्या, कमी झाली तर साचा ठिसूळ होऊन वाळू धातूत. त्यामुळे "जरा" कुठल्या बाजूला, हे येणाऱ्याला अंदाजाने ठरवायला लावणं बरं नव्हे. एसजी आयर्नला, म्हणजे चिवट बिडाला, मॅग्नेशियम दिल्यावर त्याचा असर मिनिटागणिक उतरतो, दहा मिनिटांच्या आत ओतून मोकळं व्हायचं असतं. तिथे "आत्ताच ट्रीटमेंट झाली" हे वाक्य घातक आहे. "९ वाजून १२ मिनिटांनी" म्हणा आणि लॅडलजवळच्या (धातू ओतायच्या भांड्याजवळच्या) पाटीवर खडूने लिहा. आणि जुलै-ऑगस्टात, जेव्हा इकडे पाऊस आठ-आठ दिवस हलत नाही, तेव्हा पहिलं वाक्य स्क्रॅपचं: कुठला ढीग भिजलाय. ओला तुकडा वितळलेल्या धातूखाली गेला की पाण्याची क्षणात दीड हजार पटीहून जास्त वाफ होते आणि धातू अंगावर उडतो. ही गोष्ट वहीत लिहून भागत नाही. येणाऱ्याला ढिगापर्यंत नेऊन हाताने दाखवायची.

व्हॉट्सअॅपबद्दल दोन शब्द, कारण आता निम्म्या सूचना तिथूनच जातात. निळी खूण म्हणजे मेसेज उघडला, अंगठा म्हणजे फार तर "हां". मापाची सूचना गटावर टाकू नका. गटात २२ माणसं असली की प्रत्येकाला ती उरलेल्या २१ जणांसाठी वाटते. एका माणसाला, नावानिशी, आणि उत्तरात आकडा मागा. ड्रॉइंगचा फोटो पाठवताना खालची पट्टी कापली जाणार नाही हे बघा, रिव्हिजन नंबर तिथेच असतो. व्हॉइस नोट कामाची नाही, मशीनपाशी ती कुणी पुन्हा ऐकत नाही.

सुरुवात एकदम सगळ्या शेडवर करू नका. तो बोअर चुकला तेच मशीन घ्या, एकच पाळी, दोन आठवडे. सुटे आकडे आणि "तुम्ही पहिल्यांदा काय करणार?", एवढंच. परत म्हणताना किती वेळा वेगळं निघालं त्याच्या रेघा खिशातल्या वहीत मारा. पहिल्या दोन-तीन दिवसांत काही निघालं नाही तर खूश होऊ नका, माणसं तुमचे शेवटचे शब्द पोपटासारखे परत देत असतील. मग प्रश्न बदला: "आणि ६२.०३ च्या वर गेलं तर काय कराल?" आणि सेटर "बघतो की" म्हणाला, तर पंधरा मिनिटांनी पुन्हा त्याच्या मशीनपाशी जा. तो मोजत असेल तर मध्ये बोलू नका, मायक्रोमीटर खाली ठेवेपर्यंत थांबा.